रेषेवरचा प्रपंच

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने 'चित्रकलेचा व्यवसाय' हा विषय माझ्याकडे सोपविला, तेव्हा मी थोडा चकित झालो. मी चित्रकार नाही. कलासमीक्षक तर नाहीच नाही. कला शाखेचा पदवीधर आहे, पण त्या 'कले'चा कुंचल्याशी काही संबंध नसतो हे आपण जाणताच. माझी तीस वर्षे केंद्र सरकारच्या सेवेत जमाखर्चाची कागदपत्रे तपासण्यात गेली. तथापि विचार करता असे ध्यानात आले की, ही निवड अगदीच अस्थानी नाही. घरातले मूल 'मला चित्रकार व्हायचे आहे' असे म्हणते, तेव्हा आईवडिलांच्या मनात उठणारा पहिला प्रश्न सौंदर्यशास्त्राचा नसतो, जमाखर्चाचा असतो. 'यावर पोट भरेल का?' या प्रश्नाचे उत्तर मी आज माझ्या कुवतीप्रमाणे देणार आहे.

प्रथम विषयाला मर्यादा घालून घेतो. प्रदर्शनात चित्र टांगून गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या चित्रकाराविषयी मी बोलणार नाही. मला बोलायचे आहे ते छापील शब्दाला चित्राची जोड देणाऱ्या कलावंताविषयी. कथेचे चित्र, कादंबरीचे मुखपृष्ठ, पाठ्यपुस्तकातील आकृती, दिवाळी अंकाची सजावट, हे त्याचे क्षेत्र. अनुक्रमणिकेच्या तळाशी 'मुखपृष्ठ व सजावट' अशा बारीक अक्षरांनंतर ज्याचे नाव येते, तोच हा माणूस. अंक हाती आल्यावर आपण सर्वांत आधी त्याचे काम पाहतो आणि त्याचे नाव बहुधा सर्वांत शेवटी वाचतो, किंवा वाचतच नाही.

या विषयाचा आपल्या मंडळाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. दरवर्षी गणेशोत्सवात आपण मुलांच्या चित्रकला स्पर्धा घेतो. मखराची सजावट, रांगोळी, नाटकाचे पडदे ही कामे ज्यांच्या हाताला वळण आहे अशा मुलामुलींवर सोपवितो. टाळ्या वाजवितो, पेला देतो, छायाचित्र काढतो. पुढे तेच मूल बारावीच्या उंबरठ्यावर आले की त्याच हाताला आपण सांगतो, 'आता पुरे.' गेल्या वर्षी मंडळातील एक दांपत्य माझ्याकडे आले होते. मुलगी हुशार, गुण उत्तम, आणि हट्ट चित्रकार होण्याचा. 'तुम्ही वडीलधारे आहात, चार शब्द सांगून तिचे मन वळवा,' अशी त्यांची विनंती होती. मन वळविण्यापूर्वी ते कोठून कोठे वळवावयाचे याचा अभ्यास करावा, या हेतूने मी वाचू लागलो. आजचे भाषण हे त्या वाचनाचे फळ आहे.

आरंभ आपल्या या नगरीपासूनच करू. महाराष्ट्रातून पाहुणे आले की आपण त्यांना जगन्मोहन राजवाड्यात नेतो. तेथील कलादालन १९१५ सालापासून आहे. तेथे अंधाऱ्या खोलीत हातात समई घेऊन उभी असलेल्या स्त्रीचे चित्र पाहताना प्रत्येकाची पावले थबकतात. समईवर आडवा धरलेला हात, बोटांतून पाझरणारा तांबूस प्रकाश, आणि उजळलेला चेहरा! पाहुणे हमखास म्हणतात, 'रविवर्म्याने काय कमाल केली आहे!' मग आपल्याला सांगावे लागते की, हे चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे. हळदणकर सावंतवाडीचे. जन्म १८८२, मृत्यू १९६८. चित्राला बसली होती ती त्यांची स्वतःची कन्या. आणि हे चित्र तैलरंगातले नसून जलरंगातले आहे. चित्रावर लाखोंनी प्रेम केले, परंतु चित्रकाराचे नाव मात्र दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाले. लेखा खात्यात अशा नोंदीला 'चुकीच्या शीर्षाखाली जमा' असे म्हणतात आणि ती दुरुस्त करून घ्यावी लागते. जे राजवाड्यातल्या चित्राच्या वाट्याला आले, ते पुस्तकातल्या चित्राच्या वाट्याला रोज येते.

म्हैसूर हे ग्रंथचित्रांचेही जुने गाव आहे. तिसऱ्या कृष्णराज वडियार महाराजांनी एकोणिसाव्या शतकात 'श्रीतत्त्वनिधि' नावाचा प्रचंड सचित्र ग्रंथ सिद्ध करविला. त्याचे नऊ निधी आहेत आणि देवदेवतांच्या मूर्तिलक्षणांपासून अनेक विषय त्यात चित्रांकित आहेत. श्लोकात वर्णन आणि बाजूला चित्र, अशी त्याची रचना. म्हणजे लेखकाच्या शब्दाला चित्रकाराने उत्तर द्यावे, हा व्यवहार येथे छापखान्यापूर्वीच रूढ होता. त्याच महाराजांच्या प्रोत्साहनाने येथे गंजिफाचे खेळ आणि त्यांची चित्रित पाने बहरली. इकडे म्हैसूर आणि तिकडे कोकणात सावंतवाडी, या दोन्ही संस्थानांनी ती गोल चित्रित पाने आजवर जपली, हा एक सुंदर योगायोग आहे. पुढे येथल्याच के. वेंकटप्पा यांनी कलकत्त्यास अवनींद्रनाथ ठाकुरांजवळ शिक्षण घेतले. भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांच्या १९१३ साली निघालेल्या हिंदू व बौद्ध पुराणकथांच्या इंग्रजी ग्रंथात त्यांची चित्रे आहेत.

आणि आता या नगरीचे सर्वांत लाडके नाव, आर. के. लक्ष्मण. २४ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांचा जन्म येथेच झाला. वडील मुख्याध्यापक होते. शालेय शिक्षण संपताच त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेकडे आपली चित्रे पाठविली. प्रवेशास आवश्यक ते गुण आपल्या चित्रांत दिसत नाहीत, अशा आशयाचे उत्तर तेथून आले. मग हा तरुण येथल्या महाराजा महाविद्यालयातून बी. ए. झाला. त्या काळात तो काय करीत होता, हे आपल्या मुलांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. थोरले बंधू आर. के. नारायण यांच्या कथा 'हिंदू' या दैनिकात प्रसिद्ध होत, त्यांना तो चित्रे काढून देत होता. १९४२ साली डॉ. एम. शिवराम यांनी 'कोरवंजी' हे कन्नड विनोदी मासिक काढले, त्यासाठीही त्याच्या रेषा उपयोगी पडत होत्या. म्हणजे व्यंगचित्रकार म्हणून देशाला माहीत होण्यापूर्वी लक्ष्मण हे कथाचित्रकार होते. पुढे मुंबईत 'फ्री प्रेस जर्नल' आणि १९४७ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया', असा पन्नास वर्षांहून अधिक काळाचा प्रवास झाला. ज्या मुंबईच्या शाळेने नकार दिला, त्याच मुंबईने टेबल आणि पगार दिला. २०१५ साली पुण्यात त्यांनी देह ठेवला. 'मालगुडी डेज' ही दूरदर्शन मालिका १९८६ साली आली. तिच्या आरंभीची त्यांची रेखाचित्रे पाहून आपल्यापैकी किती जणांना मालगुडी हे गाव नकाशावर शोधावेसे वाटले होते!

एका संस्थेचा नकार म्हणजे आयुष्याचा निकाल नव्हे, एवढा बोध यातून निघतोच. परंतु मला त्याहून व्यावहारिक गोष्ट दिसते. लक्ष्मण यांनी रेषेवर प्रपंच चालविला तो नोकरीच्या द्वारे. दुसऱ्यांनी तो अन्य मार्गांनी चालविला. आपल्या मराठी चित्रकारांची चरित्रे हिशेबनीसाच्या नजरेने पाहिली, तर मला चार वाटा दिसतात.

पहिली वाट पगाराची. वृत्तपत्र, जाहिरातसंस्था, कलाशाळा यांपैकी कोठे तरी मासिक वेतन आणि त्याबरोबर चित्रे. लक्ष्मण या वाटेचे. त्यांच्याही आधीचे कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर याच वाटेचे. ते १८९० साली जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून गेले, तेथेच शिक्षक झाले आणि 'कलामंदिरांतील एक्केचाळीस वर्षे' या नावाने त्यांनी आत्मवृत्त लिहिले. वर्गातले काम सांभाळून त्यांनी पोस्टकार्डांपासून ग्रंथांपर्यंत चित्रे काढली. किंकेड यांच्या 'डेक्कन नर्सरी टेल्स' या १९१४ सालच्या पुस्तकात आपल्या आजीच्या कहाण्या इंग्रजीत आहेत आणि चित्रे धुरंधरांची आहेत. इंग्रजीतल्या त्या कहाण्यांना मराठी घराचे रूप आले ते या चित्रांमुळे. या वाटेचा लाभ स्थैर्याचा, आणि तोटा असा की वेळ आपला नसतो.

दुसरी वाट जोडव्यवसायाची. पोट एका विद्येवर, मन दुसरीवर. वसंत सरवटे हे याचे आदर्श उदाहरण. १९२७ साली कोल्हापुरात जन्म, शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचे, नोकरी एका सिमेंट कंपनीत. घरी आल्यावर मात्र ते रेषेचे झाले. 'ललित' मासिकात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने लिहीत, त्या ठणठणपाळाला डोळ्यांपुढे उभे केले सरवट्यांनी. पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांतील त्यांची चित्रे मजकुरापासून वेगळी काढताच येत नाहीत. २०१६ साली ते गेले. अभियंत्याच्या शिस्तीने त्यांच्या रेषेचे काही बिघडले नाही. 'आधी नोकरी मिळव, मग हौस कर' असे जे पालक म्हणतात त्यांना हे उदाहरण आवडेल. परंतु एक सावधगिरी सांगतो. सरवट्यांनी चित्रांना 'हौस' मानले नाही. दिलेल्या तारखेला चित्र संपादकाच्या हाती पडले पाहिजे, हा नियम दुसऱ्या व्यवसायालाही पहिल्याइतकाच लागू असतो. फावल्या वेळाची हौस फावल्या वेळातच विरते.

तिसरी वाट धाडसाची, म्हणजे स्वतःच मालक होण्याची. मडगावचे दीनानाथ दलाल जे. जे. मध्ये शिकले, मुंबईत स्वतःची चित्रशाळा उघडली, आणि १९४५ साली 'दीपावली' हा वार्षिक अंक काढला. दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी 'दीपावली'चे मुखपृष्ठ पाहिल्याचे आजही कित्येकांना स्मरत असेल. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'चा कर्ण मराठी वाचकाच्या मनात ज्या रूपाने उभा राहिला, त्याला दलालांच्या कुंचल्याचा हातभार मोठा आहे. दुसरे गोमंतकीय रघुवीर मुळगावकर. त्यांनी 'रत्नदीप' व 'रत्नप्रभा' काढले. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची त्यांची मुखपृष्ठे वाचनालयांतून झिजेपर्यंत हाताळली गेली, आणि दिनदर्शिकेवरील त्यांची देवदेवतांची चित्रे कित्येक देवघरांत जाऊन बसली. दलाल १९७१ साली गेले, मुळगावकर १९७६ साली. या दोघांनी चित्र काढून ते दुसऱ्याच्या हाती दिले आणि मोकळे झाले, असे नव्हे. कागद, छपाई, जाहिराती, विक्री ही सर्व ओझी त्यांनी उचलली. या वाटेला कलेबरोबर भांडवल आणि छाती, दोन्ही लागतात.

चौथी वाट मुक्त व्यवसायाची. पगार नाही, दुकान नाही. काम येईल तसे करावयाचे. शि. द. फडणीस यांचा जन्म १९२५ साली बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी झाला, म्हणजे ते आपल्या या राज्याच्याच सीमाभागातले. 'हंस' आणि 'मोहिनी' या मासिकांची त्यांची मुखपृष्ठे म्हणजे शब्दाविना हसविणारी चित्रे. नवयुवतीच्या साडीवर उंदरांची नक्षी आणि शेजारच्या तरुणाच्या सदऱ्यावर मांजरांची, हे त्यांचे चित्र ज्याने एकदा पाहिले तो विसरणार नाही. शब्द नसल्यामुळे ती चित्रे मराठी न जाणणाऱ्यालाही पोहोचली. पाठ्यपुस्तक मंडळासाठी त्यांनी गणिताच्या पुस्तकांत चित्रे काढली आणि भागाकाराला घाबरणाऱ्या पोरांना हसविले. मुक्त व्यवसायात एकाच गिऱ्हाइकावर विसंबून चालत नाही. मासिक, पाठ्यपुस्तक, प्रदर्शन, स्वतःचे संग्रह, अशी अनेक दारे उघडी ठेवावी लागतात, हे त्यांच्या कारकीर्दीवरून कळते. २०२५ साली त्यांनी वयाची शंभरी गाठली. रेषेवरचा प्रपंच किती दीर्घ असू शकतो याचा याहून मोठा दाखला नको.

या चार वाटांखेरीज पाचवीही एक आहे. ती म्हणजे लेखक आणि चित्रकार एकाच व्यक्तीने होणे. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' सारखी पुस्तके ज्यांच्या घरात आहेत त्यांना मी अधिक काय सांगणार? आजी, बाबा, स्वयंपाकघर, गॅलरीतले कपडे, एवढ्यावर त्यांनी लहान मुलांपुढे एक जग मांडले.

आता चित्रकाराला नेमके करावे काय लागते, हे पाहू. आपली समजूत अशी असते की, हात वळला की चित्र झाले. वस्तुतः कथाचित्रकाराचे निम्मे काम वाचनाचे असते. कथा दोनदा वाचावयाची, आणि चित्र कोणत्या क्षणाचे काढावयाचे ते ठरवावयाचे. नवखा चित्रकार खुनाच्या प्रसंगाचे चित्र काढतो. जाणता चित्रकार दाराची कडी वाजते त्या क्षणाचे काढतो, कारण शेवट सांगून टाकण्याचा अधिकार लेखकाचा आहे. मग प्रश्न तपशिलाचे. कथा कोणत्या सालातली? तेव्हा कंदील होता की बिजली? बैलगाडीचे जू कसे बसते? नऊवारीचा काष्टा कोठे खोचला जातो? यासाठी वहीत सतत टिपणे काढून ठेवावी लागतात. त्यानंतर लहान कच्चे आराखडे, त्यांतून एकाची निवड, संपादकाची संमती, आणि मग पक्के चित्र. पानाच्या मधल्या घडीत चेहरा अडकू नये, शीर्षकाला जागा उरावी, हे सांभाळावयाचे ते वेगळेच.

छपाईचे तंत्रही जाणावे लागते. पूर्वी रेषाचित्राचा जस्ताचा ब्लॉक करीत. छटा हव्या असतील तर जाळीचा ब्लॉक लागे आणि खर्च वाढे. रंगागणिक ब्लॉक वेगळा, म्हणून दोन रंगांत तीन रंगांचा भास निर्माण करणारा चित्रकार प्रकाशकाला प्रिय असे. जुन्या अंकांतील ठसठशीत, मोजकी रेषा ही केवळ आवड नव्हती. ती यंत्राची अट होती, आणि थोर कलावंतांनी त्या अटीतूनच शैली घडविली. पुढे ऑफसेट आले, मग संगणक आला. साधन बदलले, पण दिलेल्या चौकटीत, दिलेल्या वेळेत, दुसऱ्याच्या शब्दाला न्याय द्यावयाचा हा धर्म बदलला नाही.

आता माझ्या प्रांतात येतो. माझी एक भाची पुण्यात बालपुस्तकांसाठी चित्रे काढते. तिचे वार्षिक हिशेब तपासण्याचे काम मामा या नात्याने माझ्याकडे आहे. त्या वहीवरून मला जे दिसले ते सांगतो. वर्षाची कमाई वाईट नाही, परंतु तिला भरती-ओहोटी फार. जून ते दिवाळी डोके वर काढायला सवड नाही, आणि माघ-फाल्गुनात वही कोरी. एका प्रकाशकाने ठरलेली रक्कम चौदा महिन्यांनी दिली. दुसरीकडे पुस्तकासाठी काढलेले चित्र न विचारता दिनदर्शिकेवर झळकले. विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले, 'तुमची जाहिरातच झाली की!' सुदैवाने तोवर तिने काही नियम स्वतःला घालून घेतले होते. काम सुरू करण्यापूर्वी काही रक्कम आगाऊ. किती वेळा दुरुस्ती करून देणार ते आधीच लिहून ठेवावयाचे. सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक बाजूला. आणि कामाचे पत्र हातात आल्याखेरीज पेन्सिलीला टोक करावयाचे नाही. हा शेवटचा नियम मी तिला दिला, असे अभिमानाने सांगतो.

लेखी कागदाचे महत्त्व केवळ सरकारी माणसालाच वाटते असे नाही. कायदाही तेच म्हणतो. आपल्या देशाचा स्वामित्व हक्काचा कायदा १९५७ सालचा आहे. त्यानुसार कलाकृतीचा पहिला मालक सामान्यतः तिचा कर्ता असतो. परंतु नोकरीत काढलेले चित्र किंवा मोबदला देऊन काढून घेतलेले रंगचित्र यांच्या बाबतीत, वेगळा करार नसल्यास, देणाऱ्याकडे हक्क जाऊ शकतो. म्हणून करार हवा. हक्क दुसऱ्याला द्यावयाचा तर तो लेखीच द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. हक्क विकला तरी 'हे माझे काम आहे' असे सांगण्याचा आणि त्याची विटंबना झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. कलाकृतीवरील हा स्वामित्व हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. १९७१ साली दिवंगत झालेल्या दलालांनी जे हक्क स्वतःकडे राखले असतील, ते २०३१ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचे. नातवंडांपर्यंत पोहोचणारे हे एक प्रकारचे निवृत्तिवेतनच आहे. मात्र ते मिळावयाचे तर तरुणपणी सही करताना कागद वाचलेला असला पाहिजे. चित्रकलेचे शिक्षण घेणाऱ्या मुलाला आपण रंग आणून देतो. त्याच पिशवीतून या कायद्याची प्रतही आणून द्यावी, असे मला वाटते.

अलीकडे एक नवी धास्ती उभी राहिली आहे. संगणकाला एक वाक्य सांगावे आणि क्षणार्धात चित्र मिळावे, अशी यंत्रणा गेल्या काही वर्षांत आली. 'आता चित्रकाराला कोण विचारतो?' असा सूर घराघरांत ऐकू येतो. भीती निराधार आहे असे म्हणून मी आपली दिशाभूल करणार नाही. जागा भरण्यापुरती जी स्वस्त सजावट लागते, ते काम यंत्राकडे जाऊ लागले आहे. परंतु अशाच एका यंत्रचित्रात मी पुणेरी पगडी घातलेल्या गृहस्थांच्या डोक्यावर म्हैसूरचा पेटा पाहिला, आणि नऊवारीचा काष्टा पाहिला तो तर कोणत्याच प्रांतात नेसत नसतील असा! पाहणारी नजर, निवडणारी बुद्धी आणि जबाबदारी घेणारे नाव ही यंत्राजवळ नाहीत. ज्याच्याजवळ फक्त हात आहे त्याला पुढचा काळ कठीण आहे. ज्याच्याजवळ नजर आणि वाचन आहे त्याने घाबरू नये, मात्र गाफीलही राहू नये.

शिक्षणाच्या सोयींसाठी फार दूर पाहण्याची गरज नाही. १८५७ सालची जे. जे. कलाशाळा आहेच, तशी अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ पासून आहे. आणि आपल्या म्हैसुरातच चामराजेंद्र दृश्यकला अकादमी आहे, जिला सारे 'कावा' म्हणून ओळखतात. तिच्या दारावरून आपण कितीदा जातो, आणि आत काय शिकवितात याची चौकशी किती जणांनी केली आहे? शेजारच्या बेंगळुरूत २००४ पासून 'प्रथम बुक्स' ही संस्था अनेक भारतीय भाषांत बालपुस्तके काढते. तेथे एकाच चित्रावर कन्नडही छापले जाते आणि मराठीही.

या शेवटच्या गोष्टीपाशी मला थोडे थांबावयाचे आहे. आपण घर सोडून दूर राहणारी माणसे. आपली मुले कन्नड सफाईने बोलतात, इंग्रजीत शिकतात, आणि मराठी वाचताना अडखळतात. जोडाक्षर आले की आजोबांकडे पाहतात. याची खंत प्रत्येक वार्षिक सभेत व्यक्त होते. परंतु जे मूल मराठीत पानभर लिहू शकत नाही, ते आजीच्या हातचे उकडीचे मोदक वळताना तिची बोटे कशी दुमडतात ते चित्रात दाखवू शकते. दसऱ्याच्या अंबारीखालचा हत्ती आणि गुढीवरचा गडू, दोन्ही एकाच वहीत काढणारी मुले आपल्या मंडळात आहेत. कागलकर आणि कोडगूकर दोघांनाही ओळखू येईल अशी ही दृष्टी आपल्या मुलांना विनासायास लाभली आहे. ती परप्रांतात राहण्याची किंमत नव्हे, मिळकत आहे. तिचा उपयोग कोणत्या व्यवसायात होतो, तर तो या व्यवसायात.

तेव्हा 'पोट भरेल का?' याचे माझे उत्तर असे : रेषा पोट भरते, पण एकटी नव्हे. तिच्या जोडीला वेळेचे भान, लेखी करार, शिल्लक आणि घरच्यांचा आधार ही चौकडी हवी. पहिल्या पाचसहा वर्षांत हा आधार ज्यांना मिळाला ते टिकतात. वैद्यकीच्या किंवा सनदी लेखापालाच्या शिक्षणासाठी आपण मुलाला इतकी वर्षे पोसतोच; तेव्हा 'कमवत नाही' अशी तक्रार करीत नाही. तीच सवलत कुंचल्याला द्यावी, एवढेच माझे मागणे आहे. ती देऊनही यश न आले, तर सरवट्यांची वाट उघडी आहे. तीत कमीपणा मुळीच नाही.

माझ्याकडे आलेल्या त्या दांपत्याला मी हेच सांगितले. मुलीचे मन वळविले नाही; मुलीला मात्र तीन प्रश्न विचारले. रोज किती वेळ काढतेस? वर्षाला किती पुस्तके वाचतेस? कबूल केलेले काम आजवर कधी उशिरा दिले आहेस का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक होती. तिसऱ्याला ती हसली आणि तिची आई उत्तर देण्यास पुढे सरसावली! तेव्हा अभ्यास कोठे करावयाचा ते तिला कळले आहे. ती आज कलाशिक्षण घेत आहे आणि वडील तिच्या वह्यांना पुठ्ठे घालून देत आहेत.

भाषण संपविण्यापूर्वी कार्यकारिणीपुढे एक ठोस सूचना ठेवतो. आपण सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढीत आहोत. तिच्या अंदाजपत्रकात कागद, छपाई, बांधणी, टपाल असे सर्व रकाने आहेत. चित्रकाराचा रकाना नाही, कारण चित्रे 'आपलीच मुले काढून देतील' असे आपण गृहीत धरले आहे. अध्यक्षमहाशय, तो रकाना घालावा. रक्कम लहान असली तरी चालेल. परंतु मुलाच्या हाती कामाचे एक पत्र द्यावे, त्यावर तारीख असावी, काम वेळेवर आल्यावर मंडळाच्या खात्यावरचा धनादेश त्याच्या नावाने निघावा, आणि स्मरणिकेत त्याचे नाव चित्राखालीच छापावे. आभाराच्या यादीत चहावाल्यानंतर नव्हे. पेले घरात पुष्कळ झाले. त्या वयात मिळालेला पहिला धनादेश मूल जन्मभर विसरत नाही, आणि आईवडीलही विसरत नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या तासाभराच्या भाषणाने जेवढे मिळणार नाही, तेवढे त्या एका कागदाने मिळेल.

ही सूचना संमत झाल्यास त्या देयकाची तपासणी मी विनामूल्य करून देईन, असे जाहीर आश्वासन देतो.